उसाच्या फडातलं भय



विनोदी चित्रपट चाळीस वर्षांनी पाहिला तरी हसू येतं. रडवणारा चित्रपट तर आजीला रडवतो आणि नातीलाही. भीतीचं मात्र तसं नाही. भीती लवकर शिळी होते. ज्या दृश्याला १९८० च्या दशकात आमच्या शिरूर अनंतपाळच्या बायका पदराने डोळे झाकून घेत होत्या, तेच दृश्य आज सातवीतलं पोरगं मोबाइलवर बघतं आणि खदाखदा हसतं. त्यामुळे गाजलेला जुना भयपट आजच्या प्रेक्षकांसाठी पुन्हा काढायचा म्हटलं, की मेकअप आणि कॅमेरा या गोष्टी नंतर येतात. आजचा माणूस कशाला भितो, हे आधी शोधावं लागतं.

मी काही चित्रपटाचं शास्त्र शिकलेला माणूस नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि मिळतील ते चित्रपट पाहिले. त्यातही भयपट जरा जास्तच, त्यामुळे घरात बोलणीही खाल्ली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते प्रेक्षक म्हणूनच सांगणार आहे.

आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' १९६० सालचा, कृष्णधवल. १९९८ साली गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने तो जवळजवळ दृश्यागणिक तसाच्या तसा पुन्हा काढला, फक्त रंगीत. संवाद बहुतेक तेच, कॅमेऱ्याच्या जागा त्याच, संगीतही त्याच चालीवरचं. चित्रपट पडला. १९६० साली लोकांना धक्का बसला होता तो नायिका अर्ध्या वाटेतच मारली जाते याचा. ती गोष्ट फुटू नये म्हणून चित्रपट सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका, असं हिचकॉकने थिएटरवाल्यांना बजावलं होतं. १९९८ सालापर्यंत ते न्हाणीघरातलं दृश्य चित्रपट न पाहिलेल्यांनाही तोंडपाठ झालं होतं. नक्कल बिनचूक उतरली, आणि भीती तेवढी राहून गेली.

आपल्याकडे भयपट म्हटलं की आठवतात ते रामसे बंधू. महाबळेश्वरला जाऊन, घरच्याच माणसांना हाताशी घेऊन त्यांनी १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला, आणि पुढं वीस वर्षं तोच धंदा केला. आमच्याकडे त्यांचा सगळ्यात जास्त चालला तो 'पुराना मंदिर'. साल १९८४, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. आम्ही तो चित्रपटगृहात पाहिला नाही. तेव्हा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायची पद्धत होती. वाड्याच्या चौकात टीव्ही मांडायचा, माणशी वर्गणी गोळा करायची आणि रात्रभरात तीन कॅसेटी बघायच्या. पहिली देवादिकांची, दुसरी मारामारीची, आणि लेकरं झोपली की तिसरी रामसेंची. लेकरं अर्थातच झोपत नसत.

त्यातला सामरी नावाचा सैतान झाला होता अजय अगरवाल हा नट. उंचापुरा, दगडातून कोरल्यासारखा चेहरा. पडद्यावर तो नुसता उभा राहिला तरी पुढची रांग मागं सरकायची. आज तो मुखवटा आणि तो धूर पाहिला की हसू येतं. मध्येच जगदीपचा 'शोले'ची टिंगल करणारा विनोदी भाग आहे, तो तेव्हाही लांबलेला वाटायचा. पण कथेचं मूळ काय होतं ते आठवून पाहा. राजा सामरीचं मुंडकं धडावेगळं करतो, शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे बंदिस्त करतो. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल.

हा शाप आमच्या चौकात बसलेल्या बायांना गोष्टीतला वाटत नव्हता. अडलेली बाई बैलगाडीत घालून नेलेली आणि वाटेतूनच गाडी परत फिरलेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दिवस गेलेल्या पोरीची ओटी भरताना घरातली म्हातारी मनातल्या मनात देवाला काय म्हणत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रामसेंनी समाजाचा अभ्यास वगैरे केला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी हात घातला तो बरोबर दुखऱ्या जागी. मुखवटा कागदी असला तरी चाललं, कारण भीती खरी होती.

आता तो चित्रपट जसाच्या तसा काढला तर चालेल का? बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. २०१४ पासून १०८ नंबरची गाडी आली. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८ ते २०२० या काळातल्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होत होते. ३३ हा आकडा लहान नाही, ज्या घरातली जाते त्या घराला तर नाहीच. पण प्रत्येक गल्लीत एक अशी गोष्ट, ती परिस्थिती उरलेली नाही. हे फार चांगलं झालं. सामरीच्या शापातली हवा त्याने निघून गेली, एवढंच.

दुसरी अडचण वाड्याची. भयपट म्हटला की पडका वाडा लागतो, दारं करकरतात, जिन्यावर पावलं वाजतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला वाड्याची अशी भीती वाटत असेल. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला वाड्याची भीती वेगळ्या कारणाने वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. आमच्याकडे त्यानंतर कितीतरी महिने लोक अंगणात झोपत होते. ज्यानं ती पहाट पाहिली, त्याला वाड्यात रात्री दार वाजलं तर भूत आठवत नाही, तो लेकरू उचलून आधी बाहेर पळतो. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला होता. परदेशातल्या 'चाइल्ड्स प्ले'मधली बाहुलीची कल्पना, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. परकी भीती आपल्याकडे आणताना कोठारे यांनी तिचं हसू केलं, आणि लेकरांना ते हसूही पुरेसं भीतीचं होतं. तात्या विंचूच्या नावाने आमच्या शाळेतली पोरं एकमेकांना कित्येक वर्षं भिववत होती.

मग भय कुठं गेलं? माझ्या मते ते वाड्यातून निघून उसात गेलं.

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. वाढलेला ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. आत शिरलं की चार पावलांवरचं दिसत नाही. पातीची धार हाताला, तोंडाला कापते. वारा नसतानाही पाचट वाजत राहतं, आणि त्या आवाजात दुसरा कोणता आवाज मिसळला तर वेगळा काढता येत नाही. त्यातून आमच्याकडे थ्री फेजची लाइट बरेचदा रात्रीच येते. म्हणजे रात्री एक-दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जायचं. पायाखाली चिखल, जवळपास साप, आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. भुताखेतावर माझा विश्वास नाही, तरीसुद्धा त्या वेळी मी मोठ्याने पाढे म्हणत असे.

विशाल फुरिया यांनी 'लपाछपी' हा मराठी चित्रपट उसाच्या या फडात नेला. तो २०१७ च्या जुलैत आपल्याकडे प्रदर्शित झाला. पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड ही त्यातली मुख्य नावं. तो 'पुराना मंदिर'चा रीमेक नाही, तसा कुणाचा दावाही नाही. पण मला तो पाहताना राहून राहून वाटलं, की सामरीच्या शापाचं आजचं रूप हेच आहे. आठव्या महिन्यातली गरोदर बाई. नवऱ्याला कर्ज झालेलं, सावकाराची माणसं मागावर. म्हणून ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरात काही दिवस लपायचं ठरतं. चहूबाजूंनी ऊस. घरात एक वयस्क, मायाळू बाई, ती हिची काळजी घेते. फडात कुठेतरी लेकरांचा लपाछपीचा खेळ चाललेला ऐकू येतो. शेवट मी सांगत नाही, न पाहिलेल्यांनी पाहावा. एवढंच सांगतो, की प्रश्न पुन्हा बाळंतपणाचाच आहे. फक्त १९८४ साली भीती होती, की आई वाचेल का. इथं भीती आहे, की मुलगी झाली तर काय.

उषा नाईक यांच्या कामाबद्दल थोडं बोललं पाहिजे. आपल्या भयपटात वाईट बाई म्हटली की डोळे मोठे करणार, हातवारे करणार. उषाताई यातलं काही करत नाहीत. त्या वाढतात, विचारपूस करतात, पायाला तेल लावावं इतक्या मायेने बोलतात, आणि आपल्याला कळतच नाही की आपण नक्की केव्हापासून घाबरायला लागलो. मी हा चित्रपट शेजारच्या तीन-चार बायकांबरोबर पाहिला. फडातली लेकरं दिसली की त्यांतल्या तरुण पोरी किंचाळत होत्या. एक सत्तरीची मावशी शांत बसून होती. मी विचारलं, भीती वाटत नाही का? ती म्हणाली, "त्या लेकरांचं काय भ्याव, सर. मला त्या म्हातारीच्या गोड बोलण्याचंच भ्याव वाटूलालंय. आमची बी अशीच बोलायची." यावर कुणी काही बोललं नाही. चित्रपट पुढं चालू राहिला.

पुढं फुरिया यांनीच हा चित्रपट हिंदीत पुन्हा काढला. नाव 'छोरी'. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ॲमेझॉन प्राइमवर आला. नुसरत भरुचा नायिका, आणि उषा नाईक यांच्या जागी मीता वशिष्ठ. ज्यानं मूळ काढला त्यानंच रीमेक काढावा, हे आपल्याकडे क्वचित घडतं. पैसा जास्त मिळालेला दिसतो, कॅमेरा सुंदर फिरतो, ऊस तर वरून बघताना चक्रव्यूहासारखा दिसतो. मीता वशिष्ठ या ताकदीच्या नटी आहेतच. २०२५ साली त्याचा पुढचा भागही आला, त्यात सोहा अली खान आहेत. हिंदीत गेल्यामुळे गोष्ट कितीतरी जास्त घरांत पोचली, हा मोठाच फायदा.

तरीही माझं मन मूळ मराठीकडेच जातं. 'छोरी'तली माणसं उत्तरेकडच्या ग्रामीण बोलीत बोलतात. गोष्ट त्या मुलखात अगदी शोभून दिसते, कारण पोरी मारणं हे तिकडचं, अशी आपली सगळ्यांची समजूत आहे. आपल्याकडचा प्रेक्षक आरामात मागं टेकून बसतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत त्या ८०७ उरल्या. तिकडे कुठला सैतान आला नव्हता. सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि हे आकडे त्यानंतरचे आहेत. म्हणून मराठी 'लपाछपी'तली बाई आपल्या बोलीत, आपल्या नात्याने हाक मारते तेव्हा मागं टेकायला भिंत राहत नाही. रीमेक करताना भाषा बदलली की भीतीचा पत्ताही बदलतो, तो असा.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा जेमतेम चालला. नारायण धारपांच्या एका कथेवरून दिग्दर्शकाला सुचलेली ती गोष्ट, कोकणातली, हावरेपणाची. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट, काही न बदलता, पुन्हा थिएटरात लावला, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोकांनी तिकीट काढून पाहिला. म्हणजे प्रत्येक चित्रपट पुन्हा काढावाच लागतो असं नाही. काहींना फक्त थोडं थांबावं लागतं. हाव काही शिळी झालेली नाही, हेही त्यातून कळलं.

आता जरा अवघड भागाकडे येतो. आपल्या भयपटातलं भूत बहुतेक वेळा बाई का असते? पुरुष भुतं आपल्या लोककथांत आहेत की. मुंजा आहे, वेताळ आहे, ब्रह्मसमंध आहे. पण पडद्यावर येताना पांढरी साडी आणि मोकळे केसच येतात. आपल्याकडची समजूत अशी, की पोटुशी किंवा बाळंतीण बाई मेली की तिची हडळ होते, अळवंतीण होते. म्हणजे जिच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला, तिलाच मेल्यावर गावाने भ्यायचं.

मराठवाड्यात हा विषय करमणुकीचा राहत नाही. भानामतीच्या नावाने इथे काय काय झालं ते माझ्या वयाच्या माणसांनी पाहिलेलं आहे. बायका घुमायला लागायच्या, कुत्र्यासारखा आवाज काढायच्या, अंगावर फुल्या उमटायच्या. मग देवरुषी बोलावून 'करणी कुणी केली' हे विचारायचं, आणि नाव निघायचं ते बहुधा एखाद्या एकट्या, गरीब बाईचं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून यावर काम केलं. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यामुळे आमच्या भागात भयपट काढणाऱ्याने पडद्यावर मांत्रिक आणून भूत उतरवलं, तर ते दृश्य पाहून घरी जाणारा माणूस आपल्या सुनेकडे कसं बघेल, हा विचार त्यानं केला पाहिजे, असं मला वाटतं.

हा विचार एका चित्रपटाने फार पूर्वी केला होता. मल्याळममधला 'मणिचित्रताळ', १९९३ सालचा, दिग्दर्शक फाझिल. जुन्या घरातली बाई झपाटलेली वाटते, आणि शेवटी कळतं की ते मनाचं दुखणं आहे, आणि बरं करतो तो मानसोपचाराचा डॉक्टर. तो कन्नडमध्ये २००४ साली, तमिळमध्ये २००५ साली आणि हिंदीत २००७ साली 'भूल भुलैया' नावाने पुन्हा निघाला. हिंदीतही डॉक्टर टिकला. पण २०२२ साली 'भूल भुलैया २' आला, त्यात खरंखुरं भूत आलं. चित्रपट जोरात चालला. पहिल्या वेळी डॉक्टर आणि दुसऱ्या वेळी भूत, ही आपली प्रगती म्हणायची!

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझे चार जुने विद्यार्थी घरी आले. "काय करूलालाव सर, जरा काम हाय." त्यातला एक लग्नाचं शूटिंग करतो, त्याच्याकडे दोन कॅमेरे आणि एक ड्रोन आहे. त्यांना यूट्यूबसाठी वीस मिनिटांचा भयपट काढायचा होता. गोष्ट 'पुराना मंदिर'ची, पण आजची आणि आपल्याकडची. सामरीच्या जागी हडळ. हडळीचं काम करायला कुणाचीच बहीण तयार होईना, म्हणून त्यांच्यातलाच एक साडी नेसणार होता. त्याची मिशी काढायची की ठेवायची यावर वाद चालू होता. जागा ठरली होती. तालुक्यातल्याच एका शिवारातली, उसाच्या मधोमध असलेली जुनी विहीर. ती विहीर पोटुशा बाईला 'धरते' असं म्हणतात. बायका वळसा घालून जातात.

मला ती विहीर माहीत आहे. ती कधीपासून धरायला लागली तेही माहीत आहे. मी त्या गावच्या शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. एक सून त्या विहिरीत गेली. तिसरीही मुलगीच झाली होती, आणि लेकरू दीड महिन्याचं होतं. पाणी आणायला गेली, पाय घसरला, असं गावाने सांगितलं. तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, तिसरीत. पुढं ती मुलगी शिकली, लग्न झालं, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आणि तिलाही त्या वाटेने शेताकडे जाऊ दिलं नाही. का, तर तिची आई तिला धरेल.

हे मी पोरांना सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ड्रोनवाला म्हणाला, "मग सर, भूत कुणाला करायचं?"

त्याला कदाचित कळलं नसेल, पण भयपट पुन्हा काढणाऱ्याला पडावा असा प्रश्न त्यानं विचारला होता. आम्ही तीन-चार संध्याकाळी त्यावर बसलो. विहीर काढून टाकली. साडी काढून टाकली, त्यामुळे मिशीचा वाद मिटला. मग त्यांच्या लिखाणात एक जागा आली, जी आजकालच्या प्रत्येक भयपटात असते. बाई घरात एकटी सापडते, मदतीसाठी मोबाइल काढते, आणि मोबाइलला रेंज नसते. मी म्हटलं, अरे, खोटं आहे हे. आता आपल्याकडे उसातसुद्धा रेंज येते. तुम्ही स्वतः तिथे बसून क्रिकेट बघता. पोरं म्हणाली, रेंज असली तर ती फोन लावेल, आणि फोन लागला तर भीती संपेल.

संपेल का? मी त्यांना म्हटलं, लावू द्या तिला फोन. माहेरी लावेल. आई उचलेल. ही सगळं सांगेल, की इथं तपासणीला घेऊन निघालेत, मला बरं वाटत नाही, मला घेऊन जा. आणि आई तिकडून म्हणेल, थोडं सोस माय, त्यांच्या मनासारखं होऊ दे, घर मोडू नको. आवाज अगदी स्वच्छ येतोय, रेंज पूर्ण आहे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण नुसता "बापरे" म्हणाला. त्याच्या घरी दोन बहिणी आहेत.

तेव्हा चित्रपट अकरा मिनिटांचा झाला. एक स्वयंपाकघर, एक पोरगी आणि एक फोन. पोरीचं काम त्यांच्यातल्या एकाच्या बहिणीनेच केलं. हडळ व्हायला नाही म्हणणारी हीच. ड्रोन एकदाच उडतो, घरावरून वर वर जातो आणि चहूबाजूंचा ऊस दाखवतो. बाकी अंधार नाही, धूर नाही. दुपारची वेळ आहे, गॅसवर चहा उकळतोय.

राहिला होता फक्त आईचा आवाज. त्यासाठी त्यांनी ड्रोनवाल्याच्या मावशीला बोलावलं. बाई शेतात राबणारी, आवाज भारदस्त. तिला कागदावरचं वाचून दाखवलं, तिने दोनदा नीट म्हटलं. तिसऱ्यांदा रेकॉर्डिंग चालू केलं आणि समोरून त्या पोरीने रडत रडत तिचं वाक्य म्हटलं, तेव्हा मावशी कागदावरचं बोललीच नाही. म्हणाली, "तू दाराला कडी लाव. मी आलेच." आणि मोबाइल खाली ठेवून ड्रोनवाल्याला म्हणाली, "मला नाही म्हणवत रे ते. दुसरी कुणी बघा."

पोरं अडचणीत आली आहेत. पहिल्या दोन वेळचा आवाज त्यांच्याकडे आहे, तो लावला तर चित्रपट भीतीचा होतो. तिसऱ्या वेळचाही आहे. तो लावला तर भयपट राहत नाही, पण ती पोरगी म्हणते, तोच लावा. ड्रोनवाल्याच्या लॅपटॉपवर दोन्ही तसेच पडून आहेत. परवा तो रस्त्यात भेटला, तर म्हणाला, "सर, मावशी रोज विचारूलाली, कोणता घेतलास म्हणून."